थंड बुरशीचं ट्रान्सफॉर्मेशन फसतंय? खान्देशच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

थंड प्रदेशातल्या बुरशीत बाहेरचं जनुक घालायचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मेशनचा, प्रयोग जळगाव-धुळ्याकडच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतला की मार्चनंतर तक्रार ठरलेली: "सर, प्लाझमिड चांगलं आहे, जेलवर बँड स्वच्छ दिसतोय, पण प्लेट रिकामीच." मग पुन्हा मिडिप्रेप (प्लाझमिड डीएनए काढणं), पुन्हा प्रायमर, पुन्हा नवा व्हेक्टर (जनुक वाहून नेणारा डीएनए, इथे प्लाझमिडच). माझं मत असं की आपल्याकडे बहुतेक वेळा दोष डीएनएचा नसतो, पाऱ्याचा असतो. इनक्युबेटरात १५ अंशांवर सुखात वाढणारी बुरशी आपण ४० अंशांच्या खोलीत हाताळतो आणि नंतर व्हेक्टरला दोष देतो.

प्रोटोकॉलमधलं 'रूम टेंपरेचर' आपलं समजणं

बहुतेक प्रोटोकॉल थंड देशांत किंवा वातानुकूलित खोल्यांत लिहिलेले असतात. त्यात 'रूम टेंपरेचरला २० मिनिटं ठेवा' म्हणजे २० ते २२ अंश. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. एसी बंद असेल तर लॅमिनारच्या (निर्जंतुक हवेच्या कपाटाच्या) काचेमागचं टेबल हाताला कोमट लागतं, आणि पंखा व ट्यूबलाइटची उष्णता वेगळीच. त्या टेबलावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलमध्ये २० मिनिटं ठेवलेले प्रोटोप्लास्ट (भिंत काढलेल्या नाजूक पेशी) सावलीत ठेवल्यासारखे दिसतात, पण निम्मे तिथेच संपलेले असतात.

म्हणून प्रत्येक पायरीचं तापमान अंशांत लिहा. ट्यूब बर्फावर, टिप्सचा डबा फ्रिजमध्ये, बफर आदल्या रात्रीपासून १५ अंशांवर. काम सकाळी सहा-सातला सुरू करा. बीओडी इनक्युबेटरात (थंडही करता येणाऱ्या इनक्युबेटरात) कमाल-किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर ठेवा. डिस्प्लेवरचा आकडा सेन्सरचा असतो, प्लेटचा नाही. वीज गेल्यावर पारा कुठवर चढला होता हे कमाल काट्यावर कळतं. रिकाम्या कप्प्यात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या की लाइट गेल्यावर आतलं तापमान सावकाश चढतं, त्यामुळे त्या ठेवाच.

बुरशी खरंच थंडीची आहे का, हे न तपासणं

हिवाळ्यात धुळ्याचा पारा कधीकधी पाच-सहा अंशांखाली येतो, तोरणमाळलाही चांगलीच थंडी असते. तिथली माती फ्रिजमध्ये ठेवून जे उगवलं त्याला लगेच 'सायक्रोफिलिक' (थंडीप्रिय) लेबल लागतं. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मोरिटाने १९७५ मध्ये केलेली व्याख्या कडक आहे: उत्तम वाढ १५ अंशांवर किंवा त्याखाली, आणि २० च्या वर वाढ नाही. शून्याजवळ तग धरणारी, पण २० च्या पुढे जोमाने वाढणारी बुरशी थंडी सोसणारी असते, थंडीचीच नसते. तिला ३० अंशांची पायरी कदाचित चालेल, खऱ्या थंडीतल्या बुरशीला ती मारेल. ४, १५, २०, २५ आणि ३० अंशांवर एकेक प्लेट लावून व्यास मोजा, मगच प्रोटोकॉल ठरवा. खात्रीची जात हवी असेल तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात किंवा चंडीगढच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहात चौकशी करा.

प्रोटोप्लास्ट मोजले, पण तपासले नाहीत

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायला हवं. भिंत पचवणारं एन्झाइम साधारण २८ ते ३० अंशांवर दोन-तीन तास वापरतात. थंड बुरशीसाठी ते १५ ते २० अंशांवर वापरा आणि वेळ वाढवा. एन्झाइम सावकाश चालेल, चालू द्या. दर अर्ध्या तासाने एक थेंब स्लाइडवर घ्या. ४० च्या लेन्सखाली गोल, चकचकीत, कडा स्पष्ट असलेल्या पेशी दिसल्या पाहिजेत. मग कव्हरस्लिपच्या कडेला साध्या डिस्टिल्ड पाण्याचा थेंब सोडा आणि बघत राहा. खरे प्रोटोप्लास्ट फुगून फुटतात. जे तसेच राहतात ते बीजाणू किंवा भिंत शिल्लक असलेल्या पेशी. हेमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या चौकटीच्या काचेवर) मिलिलिटरला एक कोटी मोजले आणि निम्मे पाण्यात फुटलेच नाहीत, तर हाती खरे ५० लाखच आहेत.

पचनापासून शेवटच्या धुण्यापर्यंत प्रत्येक द्रावणात ०.६ मोलार पोटॅशियम क्लोराइड किंवा १.२ मोलार सॉर्बिटॉल हवंच. एका धुण्यात विसर पडला तरी सगळं वाया.

पुढची चूक अगारची. वितळलेलं अगार ४५-५० अंशांवर असताना त्यात प्रोटोप्लास्ट मिसळून ओततात. साध्या अॅस्परजिलसला तो चटका सोसतो, थंडीच्या बुरशीला नाही. लो-मेल्टिंग अॅगरोज वापरा, ते बरंच खाली येईपर्यंत पातळ राहतं. नाहीतर आधी घट्ट झालेल्या थंड प्लेटवर पसरवा. दर वेळी एक प्लेट अँटिबायोटिकशिवाय लावा. तिच्यावरही काही उगवलं नाही तर डीएनएचा प्रश्नच नाही, प्रोटोप्लास्टच मेलेत.

हायग्रोमायसिनची मात्रा उसनी घेणं

हायग्रोमायसिन हे नवं जनुक न शिरलेल्या पेशी मारून निवड करणारं अँटिबायोटिक. दुसऱ्याच्या पेपरमधली मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमची मात्रा जशीच्या तशी घेतली की दोनपैकी एक होतं: सगळं मरतं किंवा सगळं उगवतं. थंडीत पेशी सावकाश वाढतात, औषधाचा परिणामही सावकाश दिसतो. शिवाय माध्यमात मीठ जास्त किंवा आम्लता जास्त असली की हायग्रोमायसिन कमी पडतं, आणि रीजनरेशन माध्यमात (प्रोटोप्लास्टना पुन्हा भिंत येते त्या माध्यमात) तर पोटॅशियम क्लोराइड भरपूर असू शकतं. तेव्हा मात्रा ठरवायची चाचणी त्याच माध्यमावर, त्याच तापमानाला करा, आणि ट्रान्सफॉर्मंटची (नवं जनुक शिरलेल्या कॉलनीची) जितके आठवडे वाट बघणार तितके आठवडे चालू ठेवा. सातव्या दिवशी स्वच्छ दिसणारी प्लेट विसाव्या दिवशी भरते. इतके दिवस प्लेट वाळू नये म्हणून पॅराफिल्म घट्ट लावा. बाहेर काढल्यावर झाकणावर जमलेलं पाणी कॉलन्यांवर टपकू देऊ नका.

अॅग्रोबॅक्टेरियम आणि कॅस९

अॅग्रोबॅक्टेरियम हा आपल्या डीएनएचा तुकडा (टी-डीएनए) दुसऱ्या पेशीत सोडणारा जिवाणू; त्याच्याकडून बुरशीत जनुक घालून घेता येतं. तो २८ अंशांवर छान वाढतो, म्हणून बुरशीसोबतची सहवाढही २८ ला ठेवायचा मोह होतो. पण टी-डीएनए देण्याची त्याची यंत्रणा त्या तापमानापेक्षा खाली, २० अंशांच्या आसपास उत्तम चालते. बुरशीलाही तेच मानवतं. या बाबतीत थंड बुरशीवाल्यांचं नशीब चांगलं, म्हणून मी नवशिक्यांना आधी हीच पद्धत सुचवतो. ती यंत्रणा जागी करणारं २०० मायक्रोमोलार अॅसिटोसिरिंगोन विसरू नका, आणि नंतर सेफोटॅक्झिम हे अँटिबायोटिक देऊन जिवाणू संपवा.

डीएनए ठरावीक जागी कापणारं कॅस९ एन्झाइम मात्र ३७ अंशांच्या जिवाणूतून आलेलं आहे. १५ अंशांवर ते मंद पडतं, तेव्हा लगेच 'गाइड (कुठे कापायचं ते दाखवणारा आरएनए) खराब' म्हणू नका. बुरशीला सोसेल तितकं तापमान काही तास वाढवून बघा.

उगवलेली प्रत्येक कॉलनी आपली मानणं

प्लेट तीन आठवडे राहिली की पेनिसिलियम येतंच. संशयित कॉलनीचं आयटीएस (बुरशीची जात ओळखायला वापरतात तो डीएनए भाग) सिक्वेन्सिंग करून घ्या. पीसीआर पॉझिटिव्ह आला म्हणजेही जिंकलं असं नाही. उरलेल्या अॅग्रोबॅक्टेरियममुळेही तो येतो, म्हणून टी-डीएनएच्या बाहेरच्या, व्हेक्टरच्या उरलेल्या भागातल्या (बॅकबोनवरच्या) जनुकाचे प्रायमर सोबत लावा. एका तंतूत अनेक केंद्रकं असतात, त्यातली काही बदललेली, काही जुनीच. एकाच बीजाणूपासून कॉलनी वेगळी काढा, आणि दोन-तीनदा हायग्रोमायसिनवर फिरवा. हे टाळलं तर चांगला ट्रान्सफॉर्मंट पुढच्या पिढीत नाहीसा होतो.

परवानगी आणि कचरा

जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांना १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू आहेत. आपल्या संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे प्रस्ताव आधी द्यायचा, निकाल हाती आल्यावर नाही. आणि 'ही थंडीची बुरशी, खान्देशच्या उन्हात बाहेर कुठे जगणार?' असं म्हणून प्लेट्स बेसिनमध्ये धुणं बंद करा. वाढ थांबली म्हणजे बीजाणू मेले असं होत नाही, आणि डिसेंबरची रात्र धुळ्यालाही येते. सगळ्या प्लेट्स, टिप्स, धुण्याचं पाणी १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करा. पिशवी गच्च भरलेली असेल तर वेळ वाढवा आणि इंडिकेटर टेप पिशवीच्या मध्यभागी ठेवा, कारण वाफ तिथे सगळ्यात उशिरा पोहोचते.