विमानाला रंग द्यायला सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं

फ्लाइट सिम्युलेटरमधलं, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवण्याच्या खेळातलं, विमान आपल्या आवडीच्या रंगात रंगवायचं ठरलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "फोटोशॉपच लागतं का?" खारघरच्या माझ्या भाच्यानंही फोनवर हेच विचारलं, "मावशी, कोणतं टाकू?" उलव्याला नवी मुंबईचा विमानतळ झाल्यापासून त्याला सिम्युलेटरमध्येही तिथूनच उडायचंय, आणि तेही अकासाच्या केशरी-जांभळ्या रंगात. मी ठाण्यात, नौपाड्यात डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दुकानांच्या पाट्या. संध्याकाळी काम आवरलं की त्याच कॉम्प्युटरवर विमानं रंगवते. त्याला सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

सॉफ्टवेअर निवडताना सुरुवात शेवटाकडून करा. तुमचा सिम्युलेटर कोणती फाइल वाचतो ते आधी बघा. ती फाइल नीट लिहिता येत नसेल, तर सॉफ्टवेअर कितीही नावाजलेलं असलं तरी तुमच्या कामाचं नाही.

एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये हे सगळ्यात सोपं आहे. विमानाच्या फोल्डरमध्ये 'लिव्हरीज' नावाचा फोल्डर असतो (लिव्हरी म्हणजे विमानाची रंगसंगती). त्यात आपल्या नावाचा फोल्डर करायचा, त्यात 'ऑब्जेक्ट्स', आणि त्यात मूळ चित्राच्याच नावाची आपली पीएनजी फाइल ठेवायची. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटरही पीएनजी वाचतो, आणि तो पूर्ण मोफत आहे. या दोघांसाठी जवळपास कोणतंही सॉफ्टवेअर चालेल. म्हणून नवख्याला मी इथूनच सुरुवात करायला सांगते. एफएसएक्स (मायक्रोसॉफ्टचा जुना सिम्युलेटर) आणि प्रीपेअर३डी यांना डीडीएस ही दाबलेल्या चित्राची फाइल लागते, आणि तीही उभी उलटी करून, म्हणजे विमानाचं पोट वर आणि अक्षरं डोक्यावर. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्येही डीडीएसच, पण सुलटी, आणि बहुतेक ठिकाणी बीसी७ या दाबणीची, म्हणजे कॉम्प्रेशनची. शिवाय तिथे लेआउटच्या जेसन फाइलमध्ये प्रत्येक फाइलचं नाव आणि आकार नोंदलेला असतो. ती नोंद चित्र बदलल्यावर नव्यानं करावी लागते. त्यासाठी छोटी मोफत साधनं मिळतात, चित्राच्या सॉफ्टवेअरकडून ती अपेक्षा ठेवू नका.

दुसरी गोष्ट पेंट किट. चांगल्या विमानांचे निर्माते रंगवणाऱ्यांसाठी कोरा साचा देतात. त्यात पत्र्यांचे सांधे, रिव्हेट, दारं, खिडक्या वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांवर असतात, आणि तो बहुतेक वेळा पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल असतो. म्हणून सॉफ्टवेअर नक्की करण्याआधी तुमच्या विमानाचा पेंट किट उतरवून घ्या आणि तो त्यात उघडून बघा. लेयर सगळे आले का, त्यांचे गट टिकले का, सावलीचा लेयर 'मल्टिप्लाय'वरच (खालचा रंग गडद करणाऱ्या पद्धतीवर) आहे का? गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पीएसडी उघडतो, पण लेयर स्टाइल आणि ॲडजस्टमेंट लेयर जसेच्या तसे येतीलच असं नाही. पेंट डॉट नेटला पीएसडीसाठी वेगळं प्लगइन लागतं. ही दहा मिनिटांची तपासणी करा, कुठलंही परीक्षण वाचण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त.

आता अल्फा चॅनल. यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण नव्या माणसाची सगळ्यात जास्त दमछाक इथेच होते. छपाईच्या कामात अल्फा म्हणजे फक्त पारदर्शकता. सिम्युलेटरमध्ये लाल, हिरवा, निळा यांच्या पुढचा तोच चौथा चॅनल प्रत्येक ठिकाणी वेगळं काम करतो. एफएसएक्समध्ये मुख्य चित्राचा अल्फा बहुतेकदा पत्र्याची चमक ठरवतो. एक्स-प्लेनमध्ये मुख्य चित्राचा अल्फा पारदर्शकता सांगतो, पण नॉर्मल मॅपचा (पत्र्याचा उंचसखलपणा दाखवणाऱ्या चित्राचा) अल्फा चमक सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिम्युलेटरमध्ये तर चमकीसाठी 'कॉम्प' नावाचं स्वतंत्रच चित्र आहे : त्याच्या लाल चॅनलमध्ये कोपऱ्यांतली सावली, हिरव्यात खरखरीतपणा, निळ्यात धातूपणा. ते उघडलं की विचित्र रंगांचं काहीतरी दिसतं. ते बिघडलेलं नाही. त्या तीन वेगळ्या करड्या चित्रांची एक फाइल आहे.

म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चॅनल सुटा उघडून, त्यावर ब्रश चालवून, परत जोडता आला पाहिजे. फोटोशॉप इथे सगळ्यात सरळ आहे. चॅनल्सच्या पॅनलमध्ये अल्फा करड्या चित्रासारखा समोर येतो. गिंपमध्येही चॅनल वेगळे करून पुन्हा एकत्र करता येतात, आणि अल्फाला लेयर मास्क म्हणून हाताळता येतं. फक्त पीएनजी एक्स्पोर्ट करताना पारदर्शक पिक्सेलचे रंग जपण्याचा पर्याय चालू ठेवा. नाहीतर जिथे अल्फा शून्य आहे तिथला रंगच निघून जातो. पेंट डॉट नेटमध्ये अल्फा हा स्वतंत्र चॅनल म्हणून दिसत नाही, त्यासाठी प्लगइन घ्यावं लागतं. नुसतं खोडरबर फिरवून अल्फा करायला जाल तर खालचा रंग पुसला जाईल.

माझ्यासारखी छपाईतली माणसं या छंदात बरीच येतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. तीनशे डीपीआय विसरा. इथे फक्त पिक्सेल मोजतात, आणि तेही दोनच्या पटीत वाढणारे : १०२४, २०४८, ४०९६. सीएमवायके तर पूर्ण बाजूला ठेवा, सगळं आरजीबी. आणि पांढरा कागदासारखा २५५ चा, म्हणजे ० ते २५५ मधला कमाल, पांढरा देऊ नका. नव्या सिम्युलेटरमध्ये ऊन पडलं की तो भाजून निघतो, रिव्हेट दिसेनासे होतात. २३० च्या आसपासचा पांढरा विमानावर खरा पांढरा दिसतो.

मशीनचाही विचार करा. ४०९६ बाय ४०९६ चा एक पूर्ण लेयर मेमरीत सुमारे ६४ एमबी जागा घेतो. चाळीस लेयरचा पेंट किट म्हणजे अडीच जीबी, त्यावर अनडूचा इतिहास वेगळाच. आठ जीबीच्या लॅपटॉपवर सिम्युलेटर आणि चित्राचं सॉफ्टवेअर एकाच वेळी उघडं ठेवू नका. बीसी७ मध्ये दाबल्यावर तेच चित्र १६ एमबी होतं, मिपमॅप (दुरून दिसण्यासाठीच्या त्याच चित्राच्या लहान प्रती) धरून एकवीस-बावीस. दाबणी हवी ती याचसाठी.

आता एकेकाबद्दल माझं मत. पेंट डॉट नेट फक्त विंडोजवर चालतं, त्यांच्या साइटवरून मोफत मिळतं, आणि बीसी७ सकट डीडीएस विनातक्रार लिहितं. पण अक्षरं टाकून दुसरीकडे क्लिक केलं की त्यांचे पिक्सेल होतात, पुन्हा बदलता येत नाहीत. मी ते शेवटच्या पायरीसाठी ठेवलंय. गिंप २.१० पासून डीडीएस वाचतं-लिहितं, आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० पासून फिल्टर लावल्यावरही मूळ लेयर शाबूत राहतो. पैसे न घालता सगळं काम करायचं असेल तर माझी पसंती गिंपला. क्रिता हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर, हाताशी पेन टॅब्लेट असेल तर घ्या. धुराचे डाग, तेलाचे ओघळ, जुन्या मालवाहू विमानाचा मळकेपणा त्याच्या ब्रशनं फार सुंदर येतो. ॲफिनिटी २०२५ च्या ऑक्टोबरअखेर मोफत झालं, कॅन्व्हाचं खातं मात्र लागतं. पीएसडी छान उघडतं, डीडीएससाठी दुसऱ्याचा हात धरावा लागतो. फोटोशॉप व्यवसायासाठी आधीच घेतलेलं असेल तर वापरा, डीडीएसचं प्लगइन एनव्हिडियाकडून मोफत मिळतं. केवळ विमानं रंगवायला दर महिन्याला भाडं भरावं, असं मला वाटत नाही.

रेषा आणि अक्षरं यांच्यासाठी मात्र व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांचे आकार जपणारं) सॉफ्टवेअर हवंच, हे माझं ठाम मत आहे. एअर इंडियाचं जुनं ७४७ आठवा : प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोका, आणि एका बाजूला देवनागरीत 'एअर इंडिया'. पिक्सेलमध्ये एकेक झरोका काढलात आणि नंतर कमान जराशी टोकदार हवी असं वाटलं, तर सगळे झरोके नव्यानं काढावे लागतील. इंकस्केपमध्ये एक झरोका काढा आणि बाकीचे त्याचे क्लोन करा. मूळ बदललं की सगळे बदलतात. मग खिडक्यांच्या अंतरावर रांग लावून पीएनजी काढायचा आणि गिंपमध्ये वेगळ्या लेयरवर आणायचा. ज्यांच्याकडे कोरलड्रॉ आहे त्यांनी तेच वापरावं, वेगळं काही शिकायची गरज नाही.

देवनागरीची परीक्षा सॉफ्टवेअर निवडतानाच घ्या. 'महाराष्ट्र' आणि 'दर्या' हे दोन शब्द टाइप करा. ष्ट्र सुटला किंवा रफार भलत्याच अक्षरावर बसला, तर त्यात अक्षरं टाकू नका. गिंप आणि इंकस्केप युनिकोड फाँटसह हे बरोबर करतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइप सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडावं लागतं. श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फाँट कोरलमध्ये वापरत असाल तर मजकूर तसाच कॉपी करू नका, दुसरीकडे तो अगम्य चिन्हं होऊन उतरतो. कंट्रोल-क्यू दाबून अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसत्या आकृत्या, करा आणि मगच बाहेर काढा. काही विमानांत दोन्ही बाजूंना एकच चित्र आरशासारखं वापरलेलं असतं. तिथे एका बाजूचं नाव उलटं दिसणार, आणि कोणतंही सॉफ्टवेअर ते सुधारू शकत नाही. असं विमान नावाच्या लिव्हरीसाठी निवडूच नका.

नाकाकडे वळणारा पट्टा सरळ दिसायचा तर चित्रात तो वाकवावा लागतो. फोटोशॉपचं वार्प यात सगळ्यात सोयीचं. गिंपमधल्या वार्प आणि केजनं तेच होतं, हात बसायला वेळ लागतो. जोडीला ब्लेंडर ठेवा. मॉडेल त्यात येत असेल तर सिम्युलेटर सुरू न करता सांधा जुळला का ते दिसतं. एक्स-प्लेनमध्ये तर डेव्हलपर मेनूतून विमान जागच्या जागी पुन्हा लोड होतं.

भाच्याला मी गिंप, इंकस्केप आणि पेंट डॉट नेट अशी तिन्ही घ्यायला सांगितली आणि पहिल्यांदा फक्त शेपूट रंगवायला लावलं. शेपटीचा आकार साधा असतो. लेयर, अक्षर, अल्फा आणि एक्स्पोर्ट, चारही गोष्टी तिच्यावर तपासून होतात. मूळ लेयरची फाइल सिम्युलेटरच्या फोल्डरबाहेर ठेवा, कारण डीडीएस पुन्हा पुन्हा उघडून जतन केली की दर वेळी चित्र थोडं खराब होतं. दुरुस्ती नेहमी लेयरच्या फाइलमध्ये करा आणि तिथूनच नवी डीडीएस काढा.