चाकातून धूर निघाला तर डबा सोडायचा का?

22 जानेवारी 2025 ला पाचोरा तालुक्यात, माहेजी आणि परधाडे स्टेशनांच्या मध्ये, पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, घाबरलेली माणसं शेजारच्या रुळावर उतरली. त्याच रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान 12 जीव गेले. पुष्पकला आग लागलेलीच नव्हती.

भुसावळ-जळगाव-चाळीसगाव-मनमाड हा रस्ता आपल्या रोजच्या जाण्यायेण्याचा. म्हणून धूर कशाचा आणि तो दिसल्यावर काय करायचं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

आधी ब्रेकचं समजून घ्या. रेल्वेचा ब्रेक हवेवर चालतो, पण उलट्या रीतीने. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक नळी जाते. तिच्यात चौरस सेंटीमीटरला 5 किलो दाब असला की ब्रेक सुटलेले राहतात. दाब उतरला की डब्याखालच्या टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये शिरते आणि ब्रेक लागतो. नळी फुटो, डबे तुटोत की कोणी साखळी ओढो, गाडी थांबतेच.

एखाद्या डब्याचा ब्रेक नंतर सुटत नाही. त्याला ब्रेक बाइंडिंग म्हणतात, आणि चाकाखालच्या धुराचं नेहमीचं कारण हेच. तो का अडकतो? ओढलेल्या साखळीचा व्हॉल्व्ह नीट बंद केलेला नसतो, हँडब्रेक आवळलेला राहतो, पिन वाकलेली असते किंवा हवा वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह अडकतो. इंजिन बदलल्यावर होणारा घोटाळा वेगळाच. आधीच्या इंजिनाने 5.2 किलो दाब भरलेला असतो, नवं इंजिन 5 किलोच देतं. डब्याखालच्या व्हॉल्व्हला वाटतं दाब उतरला, म्हणून तो ब्रेक थोडासा लावूनच ठेवतो. अशा वेळी कर्मचाऱ्यांना प्रत्येक डब्याखालचं रिलीज हँडल ओढून ती जास्तीची हवा सोडावी लागते.

धूर ओळखा

ब्रेकचा धूर डब्याच्या बाहेर, चाकाच्या उंचीवर असतो. जळक्या रबरासारखा उग्र वास येतो, रात्री ठिणग्या दिसतात. गाडी थांबली की वारा नसल्याने तोच धूर वर येऊन खिडकीतून आत शिरतो, आणि नेमकं तेव्हाच लोकांना वाटतं की डबा पेटला. नव्या एलएचबी (जर्मन रचनेच्या) डब्यांच्या बाहेरच्या अंगाला छोटी खिडकीवजा खूण असते: हिरवी म्हणजे ब्रेक सुटलेला, लाल म्हणजे लागलेला. इतर डब्यांच्या खुणा हिरव्या आणि एकाचीच लाल असेल, तर दोष तिथे आहे.

ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, टोकाशी असलेल्या बेअरिंगच्या पेटीतून जळक्या ग्रीसचा वास आणि करकर आवाज येत असेल, तर ते हॉट ॲक्सल. हे जास्त गंभीर. बेअरिंग जाम झालं की ॲक्सलचं टोक तापून तुटतं आणि डबा रुळावरून उतरतो. असा डबा जवळच्या स्टेशनात काढूनच ठेवावा लागतो.

डब्याच्या आतून, शौचालयातून किंवा वायरिंगमधून काळा धूर, प्लॅस्टिक जळल्याचा वास आणि ज्वाळा दिसल्या, तरच ती डब्याची आग समजा.

प्रवाशाने काय करायचं

चाकाचा धूर असेल तर डब्यातच थांबा. टीसी किंवा डब्यातल्या अटेंडंटला सांगा, नाहीतर रेल्वेच्या 139 या मदत क्रमांकावर फोन करून गाडी नंबर आणि डब्याचा नंबर द्या. दारात गर्दी करू देऊ नका. "आग, आग" असं ओरडू नका. "चाकातून धूर आहे, ब्रेक अडकलाय" असं स्पष्ट सांगा. एवढ्या एका वाक्याने धावपळ थांबू शकते.

खरी आग असेल तर आधी मधल्या वाटेने शेजारच्या डब्यात जा, मागचं दार ओढून घ्या. मग साखळी ओढा. गाडी गिरणेच्या पुलावर असेल, तर साखळी ओढायला पूल संपेपर्यंत थांबता येतं का ते बघा. पुलावर उतरायला जागा नसते. वाट बंद असेल तर लाल रंगाची आपत्कालीन खिडकी उघडा.

उतरावंच लागलं, तर कुठल्या बाजूला, हा जिवाचा प्रश्न आहे. आपल्याकडे गाड्या डाव्या हाताने चालतात, त्यामुळे दुहेरी मार्गावर दुसरा रूळ गाडीच्या उजवीकडे असतो. पण तिसरा-चौथा मार्ग झाला आहे तिथे यावर विसंबू नका. आधी वाकून बघा: ज्या बाजूला रूळ नाही, खडी संपून विजेचा खांब आणि शेत दिसतं, तीच बाजू. ताशी 110 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला 30 मीटर कापते. वळणावर ती 300 मीटरवर दिसली, तर तुमच्याकडे 10 सेकंद आहेत, आणि तिला थांबायला त्याच्या कितीतरी पट अंतर लागतं.

चाकावर पाणी मात्र ओतू नका. तापलेलं पोलाद एकदम गार झालं की तडकतं. वर 25,000 व्होल्टची तार आहे, टपावर चढणं म्हणजे मरण.

रुळाच्या कडेला राहणाऱ्यांसाठी

जाणाऱ्या गाडीत धूर दिसला तर रुळापासून लांब उभं राहून लाल कापड जोरजोरात हलवा, रात्री मोबाइलचा दिवा आडवा हलवा. जवळच्या गेटमनला सांगा. तो शेजारच्या स्टेशनाशी थेट बोलू शकतो. ठिकाण सांगताना विजेच्या खांबावरची पाटी वाचा. तिच्यावर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक असतो, आणि मदत नेमकी तिथेच पोहोचते.

एक आवाज लक्षात ठेवा. ब्रेक अडकून रुळावर घसटत गेलेलं चाक एका जागी सपाट होतं. प्रवासी डब्यात सपाट भाग 50 मिलीमीटरपेक्षा मोठा झाला, तर चाक चालवायचं नसतं. गाडी ताशी 100 किलोमीटरने धावताना असं चाक रुळावर सेकंदाला नऊ-दहा ठोके देतं. हिवाळ्यातल्या पहाटे रूळ आकसून ताणलेला असतो, आणि त्या ठोक्यांनी वेल्डचा जोड तुटू शकतो. पायाखाली एकसारखी, वेगाबरोबर वाढणारी टकटक जाणवली, तर ती अटेंडंटला सांगा, डब्याचा नंबर आणि कुठलं टोक तेही सांगा.