कॉपी स्टँडवर जुने फोटो आणि कागद काढताय? या चुका टाळा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या सांगलीतल्या घरात कपाटाचे खालचे दोन खण पाण्यात होते, आणि नेमके त्यातच आज्जीच्या लग्नाचे फोटो, जुने फेरफार, थोडी मोडी कागदपत्रं. जे वाचलं ते वाळवून मी एका साध्या, हलक्या कॉपी स्टँडवर (टेबलावरच्या कागदाच्या बरोबर वर कॅमेरा खाली तोंड करून धरणारा स्टँड) फोटो काढून ठेवलं, कारण पोपडे आलेला फोटो स्कॅनरवर पालथा घातला की पोपडे काचेलाच राहतात. नंतर पाहुण्यांचे, शेजाऱ्यांचे अल्बम पण केले. फोटो खराब आला की लोक स्टँडला नावं ठेवतात पण स्वस्त स्टँडवरही काम चांगलं होतं, फक्त बटण दाबायच्या आधी पाच मिनिटं द्यायची तयारी पाहिजे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कॅमेरा सरळ आहे हे नुसतं डोळ्यांनी ठरवणं. चौकोनी कागद एका बाजूला निमुळता येतो, एक कोपरा शार्प आणि समोरचा धुरकट, मग लोक फोकसला दोष देतात. मोबाईलमधलं लेव्हल ॲप शून्य दाखवतं पण टेबलच तिरकं असेल तर त्याचा काय उपयोग, कॅमेरा आणि कागद एकमेकांना समांतर पाहिजेत. त्यासाठी कागदाच्या जागी एक छोटा सपाट आरसा ठेवा आणि स्क्रीनवर बघा, तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब दिसेल. ते फ्रेमच्या बरोब्बर मधोमध आलं की झालं. बाजूला असेल तर दांडा आणि कॅमेरा यांच्यामधे पुठ्ठ्याची घडी सारत सारत ते मधोमध आणा. स्वस्त स्टँडचा आडवा दांडा कॅमेऱ्याच्या वजनाने हळूहळू खाली झुकतो, म्हणून कॅमेरा लावल्यावर आणि उंची बदलली की प्रत्येक वेळी परत आरसा ठेवून बघायचं.

लाईट. वरची ट्यूब तशीच चालू ठेवून फोटो काढला की चकचकीत प्रिंटवर पांढरा पट्टा येणारच. वरची ट्यूब बंद, खिडकीचा पडदा ओढलेला, आणि दोन्ही बाजूंनी एकसारखे दोन दिवे साधारण ४५ अंशात. मधोमध एक पेन्सिल उभी धरा, दोन्ही बाजूच्या सावल्या सारख्याच गडद दिसल्या पाहिजेत. तरी चमक राहिली तर दिवे अजून खाली घ्या. दाणेदार सिल्क पेपरवरचे रंगीत फोटो मात्र यानेही ऐकत नाहीत, प्रत्येक दाणा चमकतो, तिथे दिव्यांवर पोलरायझिंग शीट आणि लेन्सवर पोलरायझर (दोन्ही मिळून चमक अडवणारे फिल्टर) लावून लेन्सवरचा चमक मरेपर्यंत फिरवायचा. उजेड बराच कमी होतो, शटर तेवढा जास्त वेळ उघडं ठेवा. आणि हो, अंगात लाल-पिवळा शर्ट नको, त्याचा रंग प्रिंटवर उतरतो.

एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे येत असतील तर शटर फार वेगात आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, शटर १/५० किंवा १/२५ सेकंदावर आणा. पण मग हलण्याची भीती. बोटाने बटण दाबू नका, टायमर लावा, दोन सेकंदांत दांडा थांबत नसेल तर दहाचा. पंखा बंद. स्टँडच्या बेसवर वाळूची पिशवी ठेवली तर फार फरक पडतो.

मोबाईलवाल्यांनी एक बघा, फोन फार जवळ नेला की बरेच फोन आपोआप अल्ट्रावाईड (फार रुंद दृश्य घेणाऱ्या) लेन्सवर जातात आणि कडा वाकड्या येतात. जवळ नेल्यावर लेन्स बदलणारं हे ऑटो मॅक्रो सेटिंग बंद करा, फोन वर घ्या. १२ मेगापिक्सेलमध्ये ए४ कागद पूर्ण फ्रेमभर घेतला तर इंचाला साधारण ३४० पिक्सेल मिळतात, तेवढे भरपूर झाले. ए३ ला २४० च्या आसपास, म्हणून मोठा नकाशा दोन भागांत काढा, मधे थोडा भाग दोन्हीत येऊ द्या.

हे मी हात जोडून सांगतो: फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. काचेसकटच त्याचा फोटो घ्या, काळ्या पुठ्ठ्याला लेन्सएवढं भोक पाडून तो कॅमेऱ्यापुढे धरला की काचेत कॅमेरा दिसत नाही. मोडी कागदाची घडी इस्त्रीने सपाट करू नका, घडीवरच तो तुटतो. कागद पातळ असेल आणि पाठीमागची शाई पुढे दिसत असेल तर खाली काळा कागद घाला, अक्षर लगेच सुटं दिसतं.

फोटोची मागची बाजू तर बहुतेक जण काढतच नाहीत. आज्जीच्या लग्नाच्या फोटोमागे पुराच्या पाण्याने सगळं पुसलं असं आम्ही धरून चाललो होतो. मी एक दिवा बंद केला, दुसरा टेबलालगत अगदी खाली आडवा ठेवला, आणि पेन्सिल दाबून लिहिल्याच्या खाचा सावलीत उठून आल्या. आज्जाच्या अक्षरात तारीख होती, आणि खाली फक्त "मिरज".