अर्जावर सही करण्याआधी: प्रस्तावकाची तयारी

फ्रीमेसन लॉजमध्ये, म्हणजे गुप्त विधी पाळणाऱ्या या बंधुसंघाच्या स्थानिक शाखेत, नवा माणूस आणताय? लगेच फॉर्म मागवू नका. आधी उमेदवाराच्या घरी जा. त्याची बायको घरात असेल अशा वेळी जा आणि फोन करून जा, नाहीतर ती चहा ठेवून ‘तुमचं चालू द्या’ म्हणत आत निघून जाईल आणि तुम्ही गेल्याचा काही उपयोग होणार नाही. अर्जाला काय काय लागतं याची यादी कुठलाही सेक्रेटरी देतो: वय, व्यवसाय, फोटो, फी, दोन सह्या. घरचा उल्लेख तीत नसतो, आणि नेमकं तेच राहतं. मग गडी पहिली डिग्री (दीक्षेच्या तीन पायऱ्यांतली पहिली) घेतो, पांढरा एप्रन बांधून हॉलबाहेर फोटो काढतो, दोन मीटिंगना वेळेवर येतो, आणि तिसऱ्या समन्सला (मीटिंगच्या लेखी बोलावण्याला) निरोप येतो, ‘घरी जरा अडचण आहे.’ ती अडचण अर्जाच्या दिवशीही होतीच. कोणी विचारलं नव्हतं, इतकंच.

घरी काय सांगायचं? ठरावीक वाराची एक संध्याकाळ जाईल, घरी यायला अकरा वाजतील. पुढे पद मिळालं की विधीच्या रिहर्सलच्या संध्याकाळी वेगळ्या. मीटिंगनंतर फेस्टिव्ह बोर्ड असतो, म्हणजे एकत्र जेवण. तिथे टोस्ट होतात आणि अनेक लॉजमध्ये दारूही असते. हे आधीच सांगा, वासावरून कळायला नको. वर्षाला किती पैसे जातील तो आकडा सांगा. नवरा सभासद आहे, लॉज कुठे आहे, मीटिंग कधी असते, हे कोणालाही सांगायची मुभा आहे. ओळखीच्या खुणा आणि विधीतला तपशील तेवढा तो बोलणार नाही. महिन्यातून एकदा नवरा काळा सूट चढवून ‘लॉजवर’ जातो, एवढंच घरच्यांना कळलं तर काय होईल ते सांगायला नको. आईवडील एकत्र राहत असतील तर त्यांनाही बसवा. जुन्या माणसांनी लॉजच्या इमारतींना जादूघर, भुताचा बंगला म्हटलेलं त्यांनी ऐकलेलं असतं, आणि ‘धर्म बदलावा लागतो का’ हा प्रश्न हमखास येतो. नाही लागत. ग्रँड लॉज म्हणजे सगळ्या लॉजवरची मध्यवर्ती संस्था; भारतीय ग्रँड लॉजच्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरु ग्रंथसाहिब आणि झेंद अवेस्ता एकत्र ठेवलेले असतात, हे सांगितलं की निम्मी शंका तिथेच मिटते. ‘मला का नाही येता येत?’ असं बायकोने विचारलं तर हसून टाळू नका. ग्रँड लॉज ऑफ इंडिया फक्त पुरुषांना घेते. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी ल द्र्वा ह्युमां ही संघटना वेगळी; ॲनी बेझंट यांनी ती भारतात आणली. तिला आपली मान्यता नाही, एकमेकांच्या मीटिंगना जाता येत नाही. सरळ सांगितलेलं लोकांना पटतं, नाही पटलं तरी निदान नंतर फसवल्यासारखं वाटत नाही.

आता तुम्ही स्वतः. त्याला गळ घातली आहे का? घातली असेल तर थांबा. समारंभात त्याला सगळ्यांसमोर इमानावर सांगावं लागतं की मित्रांच्या गैरवाजवी आग्रहाने किंवा कुठल्या लाभाच्या हेतूने मी आलेलो नाही. ज्याला तुम्ही सहा महिने फोन करून आणलंत त्याच्याकडून हे वदवून घेणं बरं दिसत नाही. इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजचा संकेत चांगला आहे: योग्य माणसाला साध्या शब्दांत एकदा सुचवायला हरकत नाही, एकदा आठवण करायलाही नाही, त्यानंतर त्याचं त्याला ठरवू द्यायचं. लाभाचं म्हणाल तर जो पहिल्याच गप्पांत ‘तिथे कोण कोण असतात?’ विचारतो त्याला कॉन्ट्रॅक्ट हवं असतं किंवा मुलाची ॲडमिशन. अशांना दुसरे क्लब आहेत. आणि जो व्हॉट्सॲपवरच्या ‘इल्युमिनाटी मेंबरशिप’ला पैसे भरून तुमच्याकडे आला असेल, त्याला आधी पोलिसांकडे पाठवा. कुठलंही खरं लॉज अनोळखी माणसाकडून खात्यावर आगाऊ पैसे मागत नाही.

वय २१ पूर्ण. सवलत मागायचीच असेल तर ती वरून घ्यावी लागते; लेखक किपलिंगला १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजने २१ व्हायच्या आधी घेतलं तेही खास परवानगीनेच. श्रद्धेचा मुद्दा नीट घ्या. परमेश्वर कुठल्या नावाचा, कोणत्या पंथाचा, हे कोणी विचारत नाही. एका परमशक्तीवर विश्वास आहे का, एवढंच विचारतात, आणि त्याचं उत्तर ‘हो’च लागतं. जैन किंवा बौद्ध उमेदवार इथे अडखळतो, आणि त्याचं अडखळणं प्रामाणिक असतं. त्याला उत्तर पढवू नका. त्याच्या मनात काय आहे ते त्याच्या शब्दांत मुलाखत घेणाऱ्या समितीला कळू द्या. नास्तिक असेल तर मैत्री ठेवा, अर्ज नको. पोलीस केस, शिक्षा, दिवाळखोरी, आधी कुठल्या लॉजला केलेला आणि नाकारला गेलेला अर्ज, सगळं फॉर्मवर लिहायचं. लपवलेली गोष्ट समन्स फिरल्यावर बाहेर येते, कारण त्याचं नाव, वय, धंदा, पत्ता सगळ्या सभासदांकडे जातो, आणि त्यातला एखादा त्याच्याच सोसायटीत राहत असतो.

अनुमोदक म्हणून मीटिंगमधल्या शेजारच्या खुर्चीतल्या ब्रदरची (सभासदाची) सही घेऊ नका. त्याने उमेदवाराला प्रत्यक्ष भेटलेलं हवं, जमल्यास घरी. हो, घरी. पुन्हा सांगतो, कारण मुलाखतीला बसणारे तीन-चार जण ‘घरच्यांना माहीत आहे का’ हे विचारतातच. त्यावर उमेदवार ‘हो हो, काही प्रॉब्लेम नाही’ म्हणतो आणि समितीचं समाधान होतं. ते ‘हो हो’ कुचकामी आहे. बायकोला लॉजचा वार माहीत आहे का, फी माहीत आहे का, हे विचारा. माहीत नसेल तर अर्ज एक मीटिंग पुढे ढकला. काही बिघडत नाही.

बॅलट. एका मीटिंगला नाव मांडायचं, पुढच्या मीटिंगला मतदान. पेटीत हात घालून पांढरी किंवा काळी गोळी टाकायची, कोणी कुठली टाकली ते कोणी विचारायचं नाही. किती काळ्या गोळ्यांनी नाव पडतं ते तुमच्या लॉजच्या बायलॉजमध्ये बघा. इंग्लिश घटनेत (इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या नियमांत) तीन, पण लॉजला त्याहून कडक नियम करता येतो. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी एकच पुरते. काही खटकत असल्याची कुणकुण लागली तर मतदानाआधी नाव मागे घ्या. नाकारल्याची नोंद आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर लिहावी लागते, मागे घेतलेलं नाव तितकं नडत नाही. एक गोष्ट मात्र विसरू नका. या काळ्या गोळीने मुंबईत वाईट काम केलेलं आहे. पारशी सुधारक माणकजी कर्सेटजींना इथल्या युरोपियनांच्या लॉजने नाकारलं, त्यांना दीक्षा घ्यायला पॅरिस गाठावं लागलं, आणि मग १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी हिंदी लोकांना वाट मोकळी व्हावी म्हणून रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया हे लॉज काढलं. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्तांना लॉजमध्ये प्रवेशासाठी १८७२ पर्यंत झगडावं लागलं. जात, धंदा, बोली यावरून कोणी गोळी टाकायच्या गोष्टी करत असेल तर त्याला बाजूला घेऊन हे ऐकवा.

पैशाचं थोडक्यात: प्रवेश फी, वार्षिक वर्गणी, प्रत्येक जेवणाचा खर्च, धर्मादाय पेटी, पुढे एप्रन-रीगालिया (विधीचा पोशाख-पट्टे). पाचही आकडे कागदावर लिहून द्या, आणि तो कागद घरी दाखवायला सांगा.

एवढं घर घर का करतोय? सभासद कमी होण्याची कहाणी बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून सांगतात. अमेरिकेत १९५९ मध्ये ४१ लाख मेसन होते, २०१७ पर्यंत सुमारे पावणेअकरा लाख उरले. युद्धानंतर आलेली पिढी गेली हे खरंच, पण वर्गणी थकवून गळणारेही थोडे नव्हते. तिथल्या काही ग्रँड लॉजनी उपाय काढला तो एका दिवसात तिन्ही डिग्र्या देण्याचा, शेकडो माणसं एका सभागृहात बसवून. आकडा एका दिवसात वाढला. पण सभागृहात बसून दुसऱ्याचा विधी पाहिलेल्या माणसाला आपल्या लॉजमधलं कोणी ओळखीचं नसतं, तो पुढच्या महिन्यात कशासाठी येणार? इंग्लंडने शेवटी ‘मेंबर्स पाथवे’ नावाने चौकशीपासून पहिल्या काही वर्षांपर्यंतचे टप्पे आखून दिले, सोबतीला मार्गदर्शक ब्रदर. आपल्याकडे ग्रँड लॉज ऑफ इंडिया १९६१ ची, चारशेच्या वर लॉज, चौकशा भरपूर. आपली गळती दारात नाही. ती पहिल्या आणि तिसऱ्या डिग्रीच्या मधे आहे, आणि तिचं कारण बरेचदा सात-साडेसातच्या ट्रॅफिकइतकंच घरातल्या जेवणाच्या टेबलावर असतं.

समारंभाचा दिवस. आता लक्ष द्या, इथे चुका बारीक पण फजिती मोठी. उमेदवाराच्या अंगावर पैसा आणि धातू चालत नाही. का ते त्याला आत कळेल, तुम्ही आधी सांगू नका. घड्याळ, अंगठी, चेन, बेल्ट, कफलिंक हे सगळ्यांना सुचतं. सुचत नाही ते हे: कमरेचा चांदीचा करदोडा, दंडावरचा ताईत, मनगटातलं तांब्याचं कडं, रुद्राक्षाची चांदीची टोपी, आणि जानव्याला बांधलेली कपाटाची किल्ली. शर्टाच्या आतल्या खिशातली ‘अडीअडचणीला’ ठेवलेली पाचशेची नोटसुद्धा. वर्षानुवर्षं न निघालेली अंगठी आदल्या रात्री घरी साबण लावून बघायला सांगा. नाहीच निघाली तर टायलरला (लॉजच्या दाराबाहेरच्या पहारेकऱ्याला) आधी कळवा, तो पट्टी गुंडाळतो. ऐन दाराशी बोट ओढत बसू नका, सुजतं.

कपडे: गडद सूट किंवा बंदगळा, पांढरा शर्ट, काळा टाय, काळे बूट, पांढरे हातमोजे लॉजच्या रिवाजाप्रमाणे. पण पँट ढगळ हवी. विधीसाठी पँटचा एक पाय गुडघ्याच्या वरपर्यंत दुमडावा लागतो आणि हल्लीच्या निमुळत्या पँटी पोटरीतच अडकतात. काही लॉज वेगळा पोशाख देतात, सेक्रेटरीला विचारून ठेवा. एक बूट काढावा लागतो, तेव्हा मोजे बिनभोकाचे. डोळ्यांवर पट्टी येते, चष्मा टायलरकडे. बंद जागेची भीती असेल तर ते आजच कळवा. गुडघ्यावर बसावं लागतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, कंबर धरत असेल, श्रवणयंत्र असेल तर डीकनना (विधीत उमेदवाराला सोबत करणाऱ्या पदाधिकाऱ्यांना) आदल्या रिहर्सललाच सांगा, ते उशी, आधार, उभं राहण्याची जागा सगळं बसवतात. मधुमेही असेल तर आणखी सांभाळा. लॉज उघडेपर्यंत तो बाहेर टायलरजवळ बसून असतो, मग विधी तास-दीड तास, मग भाषणं, आणि जेवण नऊ-साडेनऊला. इन्सुलिन साडेसातला टोचून आला तर आत घेरी येईल. संध्याकाळी सहाला काहीतरी खाऊन यायला सांगा, आणि हेही त्याच्या बायकोलाच सांगा, त्याच्या लक्षात राहणार नाही.

शपथ कुठल्या ग्रंथावर घ्यायची ते आठवडाभर आधी कळवायचं. लॉजमध्ये नसलेला ग्रंथ, उदाहरणार्थ धम्मपद, हवा असेल तर आणायची जबाबदारी तुमची. जेवणात नव्या ब्रदरच्या नावाने टोस्ट होतो आणि त्याला दोन शब्द बोलावे लागतात. दोन मिनिटं, मराठीत बोलला तरी चालतं का ते मास्टरला (लॉजच्या प्रमुखाला) विचारा, चालतं शक्यतो. त्या रात्री घरापर्यंत सोडा. वर जाऊन ‘सुखरूप आणला’ म्हणा. दोन मिनिटं लागतात.

दुसऱ्या डिग्रीआधी प्रश्नोत्तरं पाठ हवीत. ती त्याच्याकडून तुम्ही करून घ्यायची, गाडीत बसून नाही, आठवड्याला अर्धा तास. इंग्लिश घटनेत दोन डिग्र्यांमध्ये किमान चार आठवडे लागतात. वर्षभराहून जास्त अंतर पडू देऊ नका. मधल्या कौटुंबिक कार्यक्रमाला बायकोमुलांना आणायला लावा. आलीच नाहीत तर पुन्हा घरी जा.

तिसरी डिग्री: तीच तयारी, गुडघे आणि पाठ पुन्हा विचारा. वर्गणी थकलेली नाही ना बघा. पुढे ग्रँड लॉजचं सर्टिफिकेट येतं, त्यावर ठरलेल्या जागी त्याची सही करून घ्या, दुसऱ्या लॉजला पाहुणा म्हणून जाताना ते मागतात. फ्रेम करून भिंतीवर लावायचं नाही. लॅमिनेट तर अजिबात नको.