कमरेतून पायात कळ उतरते तेव्हा

बंडीवरून, झाडावरून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलेल्या माणसाला दोघं जण हातापायांना धरून उचलतात. मणका मोडलेला असेल तर त्या एका उचलण्यातच मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते. पुरुषभर उंचीवरून पडला असेल, पाठीच्या मधोमध हाडावर दाबलं की कळवळत असेल किंवा पाय हलत नसतील, तर त्याला आहे तिथेच सपाट राहू द्या आणि १०८ ला फोन लावा. हलवणं भागच असेल तर डोकं, खांदे, कंबर आणि पाय चौघांनी एका रेषेत धरून, ओंडका वळवावा तसं एकदम वळवून फळीवर घ्या. बाजेवर नको, ती मधोमध झोळते. एक्स-रे निघाल्याशिवाय मालिश नाही, शेक नाही, व्यायाम नाही. पुढचं सगळं हाड शाबूत आहे हे कळल्यानंतरचं.

हाड शाबूत असूनही कंबरेत कळ येते, दोन-चार दिवसांत ती कुल्ल्यातून मांडीमागे आणि पोटरीत उतरते, करंट बसल्यासारखी चमकते, पावलाला मुंग्या येतात. गावात याला ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ किंवा ‘मणक्यात गॅप आला’ म्हणतात. खरं तर गादी जागची हलत नाही. दोन मणक्यांमधल्या चकतीचं बाहेरचं कडक कडं फाटतं आणि आतला लिबलिबीत गर नसेच्या मुळाशी येतो. तो नस दाबतो आणि तिथे सूजही आणतो. सूज उतरली की दाब थोडाफार राहिला तरी दुखणं बरंच कमी होतं. बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं, म्हणूनच बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत ऑपरेशनशिवाय आराम पडतो. कंबरेवर लाथ मारून, अंगावर पाय देऊन किंवा झटका देऊन गर परत आत जात नाही. पायाळू माणसाचा पाय लावायची रीत साध्या उसणीला कुणाला बरी वाटत असेल, पण पायात कळ उतरलेल्या माणसाच्या कंबरेवर जोर देऊ नका. फाटलेलं कडं आणखी फाटू शकतं.

आधी ताकद तपासा

दुखण्याच्या कमी-जास्तीवरून नसेची अवस्था कळत नाही, ताकदीवरून कळते. हे या दुखण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. पहिले दोन आठवडे रोज, नंतर आठवड्यातून दोनदा भिंतीला हात टेकवून तीन गोष्टी करा आणि वहीत तारखेसह लिहा.

टाचांवर दहा पावलं चाला. दुखऱ्या बाजूचं पाऊल खाली पडत असेल किंवा पायाचा अंगठा बोटाच्या दाबाविरुद्ध वर उचलत नसेल, तर साधारणपणे कमरेचा पाचवा मणका, म्हणजे एल-५ ची नस दबलेली असते. मुंग्या पावलाच्या वरच्या बाजूला आणि अंगठ्याकडे येतात. मग एका पायावर उभं राहून टाच दहा वेळा उचला. चांगल्या पायाला दहा जमतात आणि दुखऱ्या पायाला तीनच, तर तिच्या खालची, एस-१ ची नस. तिच्या मुंग्या करंगळीकडे आणि तळव्याला असतात. शेवटी खुर्चीवरून हात न टेकता उठून पाहा. मांडीची ताकद गेली असेल तर गुडघा दगा देतो. तो त्रास वरच्या नसेचा, तुलनेने कमी दिसणारा.

ताकद आठवड्यागणिक तेवढीच किंवा वाढत असेल तर घरी थांबता येतं. कमी होत असेल, पाऊल घासत चालत असेल, तर दुखणं थांबलं असलं तरी त्याच आठवड्यात मोठं रुग्णालय गाठा. दुखणं अचानक थांबून पाय लुळा पडणं ही बरं होण्याची खूण नाही.

आणि ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा: लघवी तुंबणं किंवा लागल्याचंच न कळणं, शौचावर ताबा न राहणं, मांड्यांच्या आत आणि बसायच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांत एकदम कळ किंवा अशक्तपणा. खालच्या सगळ्या नसांचा गुच्छ दबलेला असतो आणि काही तासांच्या उशिरानेही लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. लाजेपोटी बाया ही गोष्ट सांगत नाहीत, म्हणून घरातल्यांनी थेट विचारावं.

विदर्भात आणखी काही गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. संध्याकाळी बारीक ताप, घटतं वजन आणि आडवं पडूनही न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी तपासून घ्या. घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर हाडाचं दुखणंही कंबरेत-मांडीत येतं. कळ जांघेत असेल आणि मांडी घालताना अडत असेल, तर दोष खुब्यात असू शकतो, चकतीत नाही.

पहिले दोन आठवडे

पूर्ण झोपून राहणं जास्तीत जास्त दोन दिवस. त्यापुढे स्नायू सुटतात आणि दुखणं लांबतं. झोपायला बाज सोडा. दिवाण किंवा तख्तावर दोन-तीन बोटं जाडीची सतरंजी-गादी पुरे. पाठीवर झोपलात तर गुडघ्यांखाली गुंडाळलेली गोधडी, कुशीवर झोपलात तर दुखरा पाय वर आणि दोन्ही गुडघ्यांत उशी. जमिनीवर झोपायची वेळ आली तर उठताना आधी कुशीवर व्हा, पाय दुमडा, हातांनी जमीन रेटून गुडघ्यांवर या, मग काही धरून उभे राहा. पाठीवरून सरळ बसते होऊ नका.

उकिडवं बसून शौचाला जाणं या दिवसांत फार त्रासाचं होतं. भोक पाडलेली प्लॅस्टिकची खुर्ची भांड्यावर ठेवली की काम भागतं. कुंथल्याने कळ पायात उतरते, तेव्हा पोट साफ राहील असं खा: ज्वारीची भाकर, पालेभाज्या, भरपूर पाणी, रात्री दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की एका हाताने भिंत धरा आणि कंबर किंचित मागे वाकवा.

शेक १५-२० मिनिटं, कंबरेवर आणि कुल्ल्यावर, कपड्यातून. बधिर पोटरीवर किंवा पावलावर गरम वीट कधीही ठेवू नका, भाजल्याचं कळतच नाही. बधिर पायाने अनवाणी वावरात जाणंही बंद. पऱ्हाटीचं खुंट घुसलं तरी समजत नाही. रोज रात्री तळवा उजेडात पाहा, मधुमेह असेल तर नक्कीच.

चालणं आणि तीन हालचाली

चालणं हेच पहिलं औषध. सपाट रस्त्यावर ५ मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. दर दोन-तीन दिवसांनी एकेक मिनिट वाढवत २०-३० मिनिटांपर्यंत जा. सकाळी उठल्यावर पहिला तासभर वाकू नका, कारण रात्रभर आडवं राहून चकतीत पाणी भरतं, ती फुगलेली असते आणि तेव्हा वाकण्याचा ताण जास्त बसतो.

पहिली हालचाल: पालथे पडा, हात बाजूला, २-३ मिनिटं. सोसवलं तर कोपरांवर छाती उचलून २ मिनिटं. दोन-तीन दिवसांनी तळहातांवर जोर देऊन छाती वर, कंबर सैल, पोट जमिनीलगत, दहा वेळा. हे दिवसातून चार-पाचदा.

एकच नियम इथे पाळायचा. कळ पावलातून पोटरीत, पोटरीतून कुल्ल्यात अशी वर सरकली तर कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल, तुम्ही बरोबर वाटेवर आहात. कळ खाली उतरली किंवा पावलातल्या मुंग्या वाढून अर्ध्या तासानंतरही राहिल्या, तर ती हालचाल तुमच्यासाठी नाही. काही जणांना, विशेषतः साठीपुढच्यांना, मागे वाकल्यानेच त्रास वाढतो. त्यांनी पाठीवर झोपून एकेक गुडघा हळूच पोटाकडे घ्यावा आणि तोच नियम लावावा.

दुसरी, नस मोकळी करायची. उंच ओट्यावर पाय लोंबते सोडून बसा. दुखऱ्या पायाचा गुडघा सरळ करताना मान वर, दुमडताना मान खाली. दहा वेळा, दिवसातून दोनदा, सावकाश, शेवटी न थांबता. ताणून धरलं की चिडलेली नस आणखी चिडते. पायाचे अंगठे धरायला वाकणं आणि दोन्ही पाय सरळ उचलणं याच कारणाने बंद. तिसरी हालचाल कळ गुडघ्याच्या वर गेल्यावरच: हातागुडघ्यांवर रांगत्या स्थितीत एक हात आणि उलट बाजूचा पाय लांब करा, ५ सेकंद, प्रत्येक बाजूला आठ वेळा.

घरच्या घरी पायाला विटा बांधून वजन लावू नका. माणूस पडून राहतो, हाती काही लागत नाही. कंबरेचा पट्टा प्रवासात किंवा कामाच्या दोन तासांत बांधा, दिवसभर नको.

गोळ्या

नसेच्या कळेवर साध्या गोळ्यांचा गुण थोडाच येतो, तेव्हा ढीगभर घेऊन उपयोग नाही. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमच्या २४ तासांत सहापेक्षा जास्त गोळ्या नकोत, दारू पिणाऱ्याने तर डॉक्टरला विचारूनच. एसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची जोडगोळी चालू असेल तर तिच्यातलं पॅरासिटामॉलही धरून मोजा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक यांपैकी एकच, जेवणानंतर आणि थोडेच दिवस. एप्रिल-मेच्या ४५ अंशांत घामाने अंग सुकलेलं असताना या गोळ्या किडनीला घातक ठरतात. सिकलसेल, किडनीचा आजार, अल्सर, रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. नाव नसलेल्या पुडीतल्या गोळ्यांत स्टेरॉइड असू शकतं. दोन दिवस माणूस पळतो, मग साखर आणि रक्तदाब चढतो.

नसेच्या कळेवर डॉक्टर प्रीगॅबालिन नावाची गोळी देतात. त्याने झोप आणि चक्कर येते, म्हणून ट्रॅक्टर-मोटरसायकल नको, दारू नको, आणि ते एकदम बंदही करायचं नाही, सांगतील तसं कमी करायचं. दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर तसं सांगा. मिथाइलकोबालामिन हे जीवनसत्त्व आहे, ते गर आत ढकलत नाही.

वावरात परतताना

हंगाम थांबत नाही हे खरं, पण चौथ्या आठवड्यात डीएपी खताचं ५० किलोचं पोतं उचललेल्या माणसाचे पुढचे तीन महिने जातात. पोतं धुऱ्यावरच फोडा आणि घमेल्याने अर्धं-अर्धं न्या. युरियाची गोणी ४५ किलोची, तीही तशीच. १६ लिटरचा फवारणी पंप भरला की २० किलोच्या वर जातो. ८ लिटरच पाणी घ्या (औषधही अर्धंच), पंप बंडीच्या कडेवर ठेवून पाठीला लावा, जमिनीवरून उचलून नाही. जमत असेल तर यंदाची फवारणी दुसऱ्याकडे द्या.

कापूस वेचताना ओटी भरू देऊ नका, दोन-तीन किलो झाला की रिकामी करा. कंबरेतून वाकण्याऐवजी खालची बोंडं एका गुडघ्यावर टेकून वेचा. भंडारा-गोंदियातली धानाची रोवणी सगळ्यात वाईट, कारण दिवसभर ओणवं राहावं लागतं. पहिल्या तीन महिन्यांत ती नकोच. निंदायला बुटकं पाटलं घ्या आणि दर २० मिनिटांनी उभं राहून पाच वेळा मागे वाका. पाण्याचा एक मोठा गुंड कमरेवर घेण्यापेक्षा दोन्ही हातांत दोन लहान बादल्या बऱ्या. पांदण रस्त्यावर मोटरसायकल दीड-दोन महिने नको.

एमआरआय आणि ऑपरेशन

एक्स-रेत चकती दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. पण काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या शंभर माणसांचा एमआरआय काढला तरी सुमारे ३० जणांत चकती फुगलेली निघते, ऐंशीच्या वयातल्या शंभरांपैकी ८४ जणांत. म्हणून रिपोर्टमधल्या शब्दांनी घाबरू नका. दिसलेली चकती, कळ उतरते ती बाजू आणि अशक्त झालेला स्नायू या तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. ताकद टिकून असेल तर सहा आठवड्यांपर्यंत एमआरआयची घाई नाही. त्यानंतरही झोप लागू न देणारी कळ असेल तर सर्जनला दाखवा. ऑपरेशनने पायाची कळ लवकर जाते, पण एक-दोन वर्षांनी ऑपरेशन केलेले आणि न केलेले बरेचसे सारखेच दिसतात. कंबरदुखी तर ऑपरेशननंतरही राहू शकते.

नागपूरचं मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), एम्स, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय इथे मणक्याची तपासणी होते. जाताना आधार, रेशनकार्ड, जुने रिपोर्ट आणि ताकदीची वही सोबत घ्या, आणि महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दाखल होण्याआधीच आरोग्यमित्राला विचारा. गडचिरोलीहून नागपूर म्हणजे एका बाजूचे चारेक तास. एसटीत दोन चाकांच्या मधली सीट धरा, मागची कधीच नाही, कंबरेमागे गुंडाळलेला दुपट्टा ठेवा आणि प्रत्येक मोठ्या थांब्यावर उतरून दोन मिनिटं चाला.