आधी साल ठरवा: वाफेच्या काळातील ब्रिटिश रेल्वेची प्रतिकृती करताना या चुका टाळा

हिरव्या रंगातले, ४४७२ क्रमांकाचे ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे वाफेच्या काळातील ब्रिटिश रेल्वेची प्रतिकृती करू पाहणाऱ्या अनेकांचे पहिले इंजिन असते, आणि काळाची पहिली चूकही बऱ्याचदा त्याच्याबरोबरच लेआउटवर, म्हणजे छोट्या रेल्वेच्या मांडणीवर, येते. हे इंजिन फेब्रुवारी १९२३ मध्ये डॉनकास्टरच्या कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा ते ‘ए१’ वर्गाचे होते आणि त्याचा क्रमांक १४७२ होता. ४४७२ हा क्रमांक त्याला पुढच्या वर्षी मिळाला. जास्त दाबाचा बॉयलर बसवून त्याचे ‘ए३’ वर्गात रूपांतर झाले ते थेट जानेवारी १९४७ मध्ये, आणि तोवर त्याचा क्रमांक १०३ झालेला होता. राष्ट्रीयीकरणानंतर ते ६०१०३ झाले, १९५९ मध्ये त्याला दुहेरी धुरांडे बसले, १९६१ च्या अखेरीस धुरांड्याच्या दोन्ही अंगांना धूर वर वळवणारे पत्रे आले आणि जानेवारी १९६३ मध्ये ते नियमित सेवेतून निवृत्त झाले. मग ते खासगी मालकीत गेले आणि त्याला पुन्हा हिरवा रंग व ४४७२ हा जुना क्रमांक देण्यात आला. म्हणजेच ए३ च्या रूपातले ४४७२ हे जतन केलेल्या इंजिनाचे रूप आहे. १९३० च्या दशकातील सागवानी डब्यांपुढे ते जोडणे काळाला धरून नाही.

हा फरक पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. प्रतिकृती हातात घेऊन धुरांड्याखालची धूरपेटी नीट पाहा. तिच्या दोन्ही बाजूंना, वरच्या अंगाला, किंचित पुढे आलेली आयताकृती झाकणे असतील तर ते इंजिन ए३ आहे. ती नसतील तर ए१. नखाएवढ्या त्या दोन झाकणांमुळे इंजिनाचे साल पंचवीस वर्षांनी पुढे-मागे सरकते.

माझ्या मते या छंदातील ऐतिहासिक अचूकतेच्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे: इंजिन आधी विकत घेतले जाते आणि साल नंतर शोधले जाते. क्रम उलटा हवा. आधी एक ठिकाण आणि एक साल, शक्य असेल तर ऋतूसुद्धा, कागदावर लिहून भिंतीला लावावे आणि पुढची प्रत्येक खरेदी त्या कागदासमोर उभी करून मगच करावी.

साल न ठरवल्यामुळे होणारे घोटाळे

ब्रिटिश रेल्वेच्या इतिहासात तीन तारखा पाठच असाव्यात. १ जानेवारी १९२३ रोजी शंभरहून अधिक लहानमोठ्या कंपन्यांचे चार मोठ्या कंपन्यांत एकत्रीकरण झाले: ग्रेट वेस्टर्न, लंडन मिडलंड अँड स्कॉटिश, लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न आणि सदर्न. १ जानेवारी १९४८ रोजी या चारही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन ब्रिटिश रेल्वेज अस्तित्वात आली. आणि ११ ऑगस्ट १९६८ रोजी मुख्य जाळ्यावरील वाफेची शेवटची गाडी धावली. मात्र या तारखांना मध्यरात्री सगळे रंग बदलले असे समजणे हीसुद्धा चूकच आहे. १९४९ च्या लेआउटवर जुन्या कंपनीच्या रंगातला डबा चालेल, किंबहुना तो असायलाच हवा, कारण रंग बदलायला वर्षे लागतात. उलट दिशा मात्र कधीच चालत नाही. पोलादी ‘मार्क १’ डबे १९५१ पासून आले. ते १९३८ च्या गाडीत बसू शकत नाहीत. लाल आणि साय रंगाचे डबे १९५६ पूर्वीच्या काही वर्षांचे, तर संपूर्ण मरून डबे त्यानंतरचे. टेंडरवरचे, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीवरचे, सिंहाचे जुने बोधचिन्हही त्याच १९५६ मध्ये बदलले. जुने बोधचिन्ह असलेल्या इंजिनामागे मरून डबे धावू शकतात, पण ते काही वर्षांपुरतेच.

मालगाडीच्या बाबतीत सर्वाधिक दिसणारी चूक खासगी मालकीच्या वाघिणींची, म्हणजे मालडब्यांची, आहे. कोळसा व्यापाऱ्यांची नावे मोठ्या रंगीत अक्षरांत मिरवणाऱ्या या लाकडी वाघिणी इतक्या देखण्या असतात की त्या घेण्याचा मोह आवरत नाही. परंतु १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने त्या एकत्रित ताफ्यात घेतल्या आणि १९४८ मध्ये त्या ब्रिटिश रेल्वेजकडे गेल्या. मधल्या काळात त्यांना कुणी नव्याने रंगवले नाही. फळी तुटली की जागेवर बिनरंगाची नवी फळी ठोकली जाई, मूळ नाव मधोमध तुटे, आणि राष्ट्रीयीकरणानंतर कोपऱ्यात एका काळ्या पट्टीवर ‘पी’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक लिहिला जाई. १९५० च्या आसपासचा लेआउट असेल तर चकचकीत वाघीण तशीच ठेवू नका. एक-दोन फळ्या राखाडी लाकडी रंगाने रंगवा, बाकीची अक्षरे घासून फिकी करा. अशी एक वाघीण पूर्ण करायला एक संध्याकाळ लागते आणि ती संध्याकाळ सत्कारणी लागते.

एकाच इंजिनाचे दोन क्रमांक

मी स्वतः ग्रेट वेस्टर्नच्या डेव्हनमधील टॉटनेस ते ॲशबर्टन या शाखामार्गाच्या धर्तीवर, १९३६ चा उन्हाळा धरून लेआउट उभा करत आहे. या मार्गावरील छोट्या ०-४-२ (पुढे लहान चाके नाहीत, चार चालक चाके, मागे दोन लहान) टँक इंजिनांना, म्हणजे पाण्याची टाकी स्वतःवरच वाहणाऱ्या इंजिनांना, सगळे जण ‘चौदाशे’ वर्ग म्हणून ओळखतात, आणि मीही १४०० च्या मालिकेतील क्रमांक असलेले इंजिन निर्धास्तपणे घेऊन रुळावर ठेवले. अनेक महिन्यांनी लक्षात आले की १९३२ पासून बांधल्या गेलेल्या या इंजिनांचा मूळ वर्ग ४८०० होता आणि त्यांना १४०० चे क्रमांक १९४६ मध्ये मिळाले. डिडकॉट येथे जतन केलेले १४६६ हे इंजिन १९३६ मध्ये कारखान्यातून निघाले ते ४८६६ म्हणून. अखेर क्रमांकाच्या पाट्या काढून नव्या लावाव्या लागल्या. पातळ धारदार पाते पाटीखाली हळूच सरकवले तर रंग न खरवडता ती सुटते. जोर लावला तर टाकीवर कायमची रेघ उमटते, आणि माझ्या इंजिनावर ती एका बाजूला अजूनही आहे.

मार्ग आणि इंजिन यांचे वजनही जुळले पाहिजे. ग्रेट वेस्टर्नचे ‘किंग’ वर्गाचे इंजिन अतिशय रुबाबदार असले तरी त्याचा आसभार, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर येणारे वजन, २२.५ टन होता आणि त्याला मोजक्या मुख्य मार्गांवरच परवानगी होती. सॉल्टॅशचा रॉयल आल्बर्ट पूल ओलांडून कॉर्नवॉलमध्ये जाणेही त्याला मना होते. ४८०० वर्गाचा आसभार सुमारे १४ टन, म्हणून ते हलक्या शाखामार्गांवर बिनदिक्कत फिरे. शाखामार्गावर ‘किंग’ दिसला की जाणकाराचे लक्ष बाकी सगळ्या मेहनतीवरून उडते.

त्याच लहान इंजिनाबरोबर ‘ऑटोकोच’, म्हणजे एका टोकाला चालकाची खोली असलेला डबा, घेतला असेल तर तो दर फेरीला इंजिनाच्या मागे आणण्यासाठी शंटिंग करू नका. परतीच्या प्रवासात इंजिन मागून ढकलत असे आणि चालक डब्याच्या पुढच्या टोकाला बसून, जोडदांड्यांच्या साहाय्याने इंजिनाचा रेग्युलेटर, म्हणजे वाफ कमी-जास्त करणारी झडप, हाताळत असे. इंजिनाची जागा बदलावी लागू नये हाच या व्यवस्थेचा हेतू होता.

दिव्यांची भाषा

भारतीय गाडीच्या शेवटच्या डब्यावरील ‘एलव्ही’ची पाटी आपल्या ओळखीची असते, ती दिसली की गाडी अखंड आली हे कर्मचाऱ्याला कळते. ब्रिटनमध्ये हेच काम शेवटच्या वाहनावरील लाल दिवा करत असे. तो दिसल्याशिवाय सिग्नलमन मागच्या केबिनला मार्ग मोकळा झाल्याचे कळवत नसे, कारण दिवा नाही याचा अर्थ गाडी मध्येच तुटली असण्याची शक्यता. अत्यंत काळजीपूर्वक रंगवलेल्या गाड्या या एका दिव्याविना धावताना पाहून मला खरोखर हळहळ वाटते, कारण तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा असा तो दिवा फार स्वस्त मिळतो.

इंजिनाच्या पुढचे दिवे गाडीचा प्रकार सांगत. दोन्ही बफरांच्या वर एकेक दिवा म्हणजे जलद प्रवासी गाडी; धुरांड्याच्या पायथ्याशी वर एकच दिवा म्हणजे प्रत्येक स्थानकावर थांबणारी साधी प्रवासी गाडी. सदर्न रेल्वेवर मात्र पांढऱ्या चकत्या प्रकार न सांगता मार्ग सांगत. दुकानातून आलेल्या इंजिनावर दिवे नसतात किंवा भलत्या जागी चिकटवलेले असतात, आणि मालगाडी जलद गाडीचे दिवे लावून फिरते. दिवे कायमचे न चिकटवता मेणाच्या कणाने बसवावेत, म्हणजे काम बदलले की जागाही बदलता येते.

रुळांचा आराखडा

येथे आपल्या डोळ्याची सवयच आड येते. आपण १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर वाढलो. ब्रिटनचा मार्ग १,४३५ मिलिमीटरचा आहे. त्यात ‘ओओ’ या लोकप्रिय प्रमाणात गाड्या एका फुटाला ४ मिलिमीटर या हिशेबाने, म्हणजे सुमारे १:७६, केलेल्या असतात, पण रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ते खरे तर १८.८३ हवे. हे ज्यांना सहन होत नाही ते ‘ईएम’ किंवा ‘पी४’ या अधिक रुंद, अचूक रुळांच्या प्रकारांकडे वळतात. नवख्याने ‘ओओ’च ठेवावे, मात्र स्लीपरमधील अंतर ब्रिटिश पद्धतीचे आणि रूळ खुर्चीत, म्हणजे स्लीपरवरच्या लोखंडी आधारात, बसलेला बुलहेड प्रकारचा असलेले ट्रॅक निवडावेत, समोरून पाहताना अरुंदपणा त्यामुळे बराच झाकला जातो.

याहून गंभीर चूक सांध्यांची, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या जागांची, आहे. ज्या सांध्याची टोके येणाऱ्या गाडीच्या तोंडासमोर येतात तो फेसिंग सांधा, आणि गाडी ज्याच्यावरून मागच्या बाजूने जाते तो ट्रेलिंग. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे झालेल्या भीषण अपघातानंतर त्याच वर्षी आलेल्या कायद्याने प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धत (एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी), सांधे व सिग्नल यांचे इंटरलॉकिंग (ते परस्परविरोधी स्थितीत जाऊ नयेत अशी जोडणी) आणि संपूर्ण गाडीला लागणारे सलग ब्रेक सक्तीचे झाले. प्रवासी मार्गावरील प्रत्येक फेसिंग सांध्याला स्वतंत्र कुलूप लागे, म्हणून कंपन्या तो शक्यतो टाळत. दुहेरी मार्गावरील मालधक्क्याची साइडिंग, म्हणजे बाजूचा रूळ, गाडीला पुढे जाऊन मग मागे ढकलावी लागेल अशीच जोडलेली असे. तसेच साइडिंगमधून सुटलेली वाघीण मुख्य मार्गावर येऊ नये म्हणून तिच्या तोंडाशी ट्रॅप सांधा असे. तो चालता नसला तरी दोन टोकदार रूळ लावून दाखवावा.

कुंपण विसरू नका. आपल्याकडे रुळांशेजारून पायवाट जाणे सवयीचे आहे, पण ब्रिटनमध्ये १८४५ च्या कायद्यापासून रेल्वेने आपली हद्द दोन्ही बाजूंनी बंदिस्त करणे बंधनकारक होते. चढाचेही तसेच: वूस्टरशरमधील लिकी चढ ३७.७ फुटांना १ फूट आहे आणि तेथे गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिने लागत. मुख्य मार्गावर ३० ला १ चढ दिला, तर तो लिकीपेक्षाही तीव्र होतो.

गाडी अडते किंवा घसरते तेव्हा

अचूक गाडी नीट धावली नाही तर तिची अचूकता दिसतच नाही. घसरण्याचे निदान सोपे आहे. अनेक वाहने एकाच जागी घसरत असतील तर दोष रुळात आहे. एकच वाहन अनेक जागी घसरत असेल तर दोष चाकात आहे. ‘ओओ’मध्ये चाकांच्या आतल्या पाठींमधील अंतर साधारण १४.४ ते १४.५ मिलिमीटर असावे. ते मोजण्याचा छोटा गेज जवळ ठेवा आणि नवीन वाहनही तपासल्याशिवाय रुळावर घालू नका.

लहान इंजिन सांध्यावरच थांबत असेल तर बहुधा फ्रॉग, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग, प्लास्टिकचा असून त्यात वीज नसते. चार चाकांचे इंजिन अडायला तेवढा तुकडा पुरेसा असतो. वीजवाहक फ्रॉगचा सांधा वापरून तो स्विचमार्फत जोडावा, आणि रुळांच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार द्यावी. जोडपट्ट्यांवर भरवसा ठेवला तर पावसाळ्यातील दमटपणात त्या हमखास दगा देतात. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. सँडपेपर लावू नये, कारण त्याच्या चरांत मळ अधिक लवकर बसतो.

हिवाळ्यात एकमेकांना घट्ट भिडवून टाकलेले रूळ मे महिन्यात धनुष्यासारखे वाकतात. २० अंश तापमान वाढले तर निकेल सिल्व्हरचा एक मीटर रूळ सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर वाढतो, त्यामुळे थंडीत काम करत असाल तर दर मीटरला अर्धा मिलिमीटर फट सोडा. तळाच्या प्लायवूडच्या कडा आणि खालची बाजूही रंगाने बंद करा, नाहीतर लाकूड दमट हवेत फुगून तीच फट खाऊन टाकते.

शेवटी वेग. १:७६ च्या हिशेबाने ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या शाखामार्गावरील गाडीला लेआउटवरचे एक मीटर कापायला जवळजवळ सात सेकंद लागले पाहिजेत, आणि ताशी ९६ किलोमीटरच्या जलद गाडीलाही सुमारे तीन. रुळांशेजारी एका मीटर अंतरावर दोन खुणा करा, हातात घड्याळ घ्या आणि नियंत्रकाची खुंटी ज्या जागी तो वेग येतो तेथे पेन्सिलीने रेघ मारून ठेवा.