बारा माणसांच्या सीए ऑफिसचं नेटवर्क कसं उभं करायचं

सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात मी छोट्या ऑफिसांची नेटवर्कं उभी करते. त्यात सीए आणि करसल्लागारांची ऑफिसं बरीच. बाहेरून पाहिलं तर बारा कॉम्प्युटर, एक सर्व्हर, दोन प्रिंटर, चार कॅमेरे, एवढंच. पण त्या सर्व्हरवर शेकडो अशिलांचे पॅन, बँकेचे उतारे, पोर्टलचे पासवर्ड असतात. लोकांनी विश्वासाने सांभाळायला दिलेली माहिती आहे ती. म्हणून ‘नेट किती एमबीपीएसचं घेऊ?’ याचं उत्तर मी नंतर देते. आधी ठरवायचं ते हे, की या ऑफिसात कुठल्या यंत्राने कुठल्या यंत्राशी बोलायचं.

इंटरनेट कंपनीने दिलेला वाय-फायचा डबा लावून मोकळं झालं, की सगळी यंत्रं एकाच जागेत येऊन बसतात. अशिलाने बसल्या बसल्या पासवर्ड मागितला, तुम्ही दिला, की त्याचा मोबाइल थेट तुमच्या सर्व्हरच्या शेजारी. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर (रॅन्समवेअर) पसरलं ते असंच. एक यंत्र सापडलं, की कुणीही काही न उघडता ते फाइल शेअरिंगच्या वाटेने पुढच्या यंत्रात शिरायचं. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती त्याआधीच मार्चमध्ये दिली होती, पण अनेकांनी ती टाकलीच नव्हती. २०१६च्या मिराई या घातक सॉफ्टवेअरने तर कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे नि राउटर गाठले होते.

त्यामुळे कागदावर चार कप्पे काढा: कर्मचारी, सर्व्हर-प्रिंटर, कॅमेरे, पाहुणे. प्रत्येक कप्प्याला वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरींवर आखलेलं वेगळं नेटवर्क, द्या. मी क्रमांक १०, २०, ३०, ४० देते आणि यंत्राच्या आयपी पत्त्यातही तिसऱ्या जागी तोच आकडा ठेवते. कर्मचाऱ्यांना १९२.१६८.१०.०/२४, सर्व्हरला १९२.१६८.२०.०/२४, याप्रमाणे पुढे. बिघाड शोधताना पत्ता पाहिला, की यंत्र कुठल्या कप्प्यातलं ते लगेच कळतं. १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० या मालिका मात्र टाळा. घरचे बहुतेक राउटर त्याच वापरतात आणि मग घरून व्हीपीएन (ऑफिसपर्यंतची सुरक्षित, खाजगी वाट) जोडल्यावर दोन्हीकडचे पत्ते एकमेकांत अडकतात.

नुसते व्हीलॅन पाडले म्हणजे काम झालं, असं समजू नका. बरेच राउटर दोन व्हीलॅनमधली वाहतूक आपणहून चालू ठेवतात. फायरवॉलमध्ये, म्हणजे ये-जा तपासणाऱ्या यंत्रात, आधी सगळं बंद करायचं आणि मग लागेल तेवढंच उघडायचं. कर्मचाऱ्यांना सर्व्हरवरचं फाइल शेअरिंग, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा पोर्ट (त्याच्या वाहतुकीचा ठरलेला क्रमांक) आणि प्रिंटर, एवढं पुरतं. कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर एकाच कप्प्यात, त्यांना इंटरनेट नाही. पाहुण्यांना फक्त इंटरनेट, आणि त्यांची यंत्रंही एकमेकांना दिसता कामा नयेत. हे जमलं का ते स्वतः तपासा. मोबाइल पाहुण्यांच्या वाय-फायला जोडा आणि सर्व्हरचा पत्ता टाका. काहीही उघडलं, तर नियम पुन्हा वाचा.

सामान फार लागत नाही. कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये (नेट नुसतं पुढे देणाऱ्या स्थितीत) टाकून घ्या, त्यामागे स्वतःचा फायरवॉल, मग २४ पोर्टचा (वायरीच्या खाचांचा) मॅनेज्ड, म्हणजे व्हीलॅन लावता येणारा, पीओई स्विच (नेटच्या वायरीतूनच वीज देणारा) आणि छताला एक-दोन ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचे डबे). साध्या पीओईत स्विच एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॉट देतो, पण संपूर्ण स्विचची मर्यादा वेगळी असते. कॅमेरे आणि ॲक्सेस पॉइंट यांची बेरीज करूनच स्विच निवडा. वाय-फायच्या सुरक्षेला डब्ल्यूपीए३ ठेवा, जुनी यंत्रं असतील तर डब्ल्यूपीए२ एईएस. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद. २.४ गिगाहर्ट्‌झवर १, ६ किंवा ११ हेच चॅनल घ्या.

केबलमध्ये काटकसर करू नका, हे मी प्रत्येक मालकाला कळकळीने सांगते. स्विच चार वर्षांनी बदलता येतो, भिंतीतली वायर कुणी बदलत नाही. शुद्ध तांब्याची कॅट ६ घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही मिळते. तार चाकूने खरवडून पाहा, आत चांदीसारखा रंग दिसला तर ते बंडल परत करा. भिंतीतली लांबी ९० मीटरच्या आत, दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड धरून १००. प्रत्येक टेबलाला दोन पॉइंट काढा, विजेच्या वायरीचा पाइप वेगळा ठेवा आणि दोन्ही टोकांना नंबर लावा.

आपल्याकडे वळवाच्या पावसाचा विचार करावाच लागतो. एप्रिल-मे महिन्यांत विजा कडाडतात तेव्हा गच्चीवरच्या कॅमेऱ्याची तांब्याची वायर तो झटका थेट स्विचपर्यंत आणते. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वायरीवर सर्ज प्रोटेक्टर लावा, रॅकचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, आणि समोरच्या इमारतीत गोदाम असेल तर तिथपर्यंत फायबरच टाका. फायबरमधून वीज वाहत नाही.

आता इंटरनेट. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीआर-३बी आणि ३१ जुलैला आयकर विवरणपत्रं भरणाऱ्या ऑफिसला एका लाइनवर विसंबता येत नाही. दुसरी लाइन दुसऱ्या कंपनीची घ्या, पण दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत असतील तर रस्ता खोदताना दोन्ही एकदमच तुटतील. दुसरी लाइन ४जी किंवा ५जी घेतलेली बरी.

घरून काम करायचं म्हणून रिमोट डेस्कटॉपचा (दूरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवण्याच्या सोयीचा) ३३८९ पोर्ट बाहेर उघडून देणारे अजूनही भेटतात. हे कधीही करू नका. पोर्टचा नंबर बदलूनही उपयोग नाही, कारण शोधणारे सगळेच पोर्ट चाचपतात. वायरगार्ड व्हीपीएन लावा आणि प्रत्येक माणसाला, प्रत्येक लॅपटॉपला वेगळी किल्ली द्या. कुणी नोकरी सोडली की त्याची किल्ली तेवढी काढायची, बाकीच्यांना धक्का लागत नाही. यासाठी बाहेरून पोहोचता येईल असा सार्वजनिक पत्ता लागतो. फायरवॉलला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तो कंपनीच्या आतला आहे. मग स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) मागून घ्या. यूपीएनपी (यंत्रांना आपणहून बाहेरचे पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा. फायरवॉलचं सेटिंगचं पान बाहेरून अजिबात उघडू नये.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांत लॉग (यंत्रांच्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस ठेवायला आणि सायबर हल्ल्यासारखी घटना ६ तासांत कळवायला सांगितलं आहे. छोट्या फायरवॉलच्या स्मृतीत एवढे लॉग मावणं अवघड, म्हणून ते सर्व्हरवर किंवा नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर) पाठवा. सगळ्या यंत्रांची घड्याळंही एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेला जुळवा. कॅमेऱ्याची वेळ आणि फायरवॉलची वेळ निराळी असेल, तर नेमकं काय घडलं ते जुळवताच येत नाही. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली ठेवा. रॅन्समवेअर आलं तर जोडलेली डिस्कही कुलूपबंद होते.

जुलैत यातलं काहीही करायला घेऊ नका. काम संपल्यावर कप्प्यांचा नकाशा, पॉइंटचे नंबर, फायरवॉलचे नियम आणि मुख्य पासवर्ड बंद पाकिटात मालकाकडे द्यायला लावा. नेटवर्क लावणाऱ्याचं खातं वेगळं असावं, आणि ते बंद कसं करायचं हे त्याने मालकाला समोर बसून, त्यांच्याच हाताने करायला लावून दाखवावं.